एन-टू झाल्यावर जपानच्या राजकारणाकडे

जुलै आणि डिसेंबरचा पहिला रविवार जवळ आला की पुण्यात जपानी शिकणाऱ्यांच्या पोटात गोळा येतो, कारण त्या दिवशी जेएलपीटी ही जपानी भाषेची परीक्षा असते. फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात विद्यापीठाचे वर्ग आहेत, टिळक महाराष्ट्र विद्यापीठात पदवीपासून शिकता येतं, जालटॅप ही जपानी शिक्षकांची संघटना आहे आणि पेठांपासून कोथरूडपर्यंत खासगी क्लास आहेत. भारतात जपानी शिकायला इतकं सोयीचं शहर क्वचितच सापडेल. एन-टू, एन-वन या तिच्या वरच्या पातळ्या पार केलेली ही मुलं पुढे हिंजवडीला जातात, चाकणच्या कारखान्यांत दुभाषी होतात, भाषांतरं करतात. पगार चांगला मिळतो, त्याला नावं ठेवायचं कारण नाही.

त्याच शहरात राज्यशास्त्र घेऊन एम.ए. करणारी मुलंही पुष्कळ आहेत. त्यांना जपान भेटतो तो एखाद्या प्रकरणापुरता, इंग्रजी पुस्तकातून आणि बहुतेक वेळा चीनच्या शेपटाला बांधलेला. या दोन घोळक्यांची एकमेकांशी गाठ पडत नाही. जपानी येणाऱ्याला राज्यशास्त्राची पद्धत ठाऊक नसते आणि राज्यशास्त्रवाल्याला जपानी वर्तमानपत्राचा मथळा वाचता येत नाही. दोन्ही जमणारा माणूस महाराष्ट्रात शोधावा लागतो, आणि जागा मोकळी आहे ती नेमकी इथे. तुमचं वय विशी-बाविशीचं असेल, दोहोंपैकी एक गोष्ट हाताशी असेल आणि दुसरी शिकायची तयारी असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

आधी जपानच्या राजकारणाचा अभ्यासक करतो काय, ते पाहू. जेराल्ड कर्टिस हा १९४० साली जन्मलेला अमेरिकन संशोधक. १९६०च्या दशकात कोलंबिया विद्यापीठात पीएच.डी. करत असताना त्याने ठरवलं की टोकियोतल्या ग्रंथालयात बसून पक्षांचे जाहीरनामे वाचण्यापेक्षा एका उमेदवाराची निवडणूक आतून पाहायची. क्यूशू बेटावरच्या ओइता प्रांतात, बेप्पू या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी, सातो बुनसेई नावाच्या लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवाराच्या घरी तो राहिला. उमेदवाराबरोबर गावोगाव हिंडला, लग्नाकार्याला गेला, सत्कार-समारंभांत बसला आणि कोण कुणाला कशाच्या बदल्यात मत देतो हे टिपत राहिला. १९६७च्या निवडणुकीत सातो निवडून आला. त्यावर कर्टिसने लिहिलेलं पुस्तक १९७१ साली निघालं, लगेच जपानीत गेलं आणि आजही या विषयात शिरणाऱ्याला ते वाचल्याशिवाय गत्यंतर नाही. पुढे कर्टिस ४० वर्षांहून अधिक काळ कोलंबियात शिकवत राहिला आणि २०१५ मध्ये निवृत्त झाला.

या पुस्तकाच्या मध्यभागी कोएनकाई आहे. कोएनकाई म्हणजे उमेदवाराची स्वतःची, पक्षापासून वेगळी अशी समर्थकांची संघटना. ती सहली काढते, महिलांचे मेळावे भरवते, कुणाच्या मुलाच्या नोकरीसाठी शब्द टाकते. पुण्यातल्या वाचकाला हे वाचताना हळदीकुंकू, अष्टविनायक दर्शनाच्या बस आणि नगरसेवकाचं जनसंपर्क कार्यालय आठवणारच. आठवू द्या. तुमच्या संशोधनाचं भांडवल तेच आहे. न्यूयॉर्कच्या विद्यार्थ्याला कोएनकाई ही नवलाची गोष्ट वाटते. तुम्ही तिची चुलत भावंडं गल्लीत पाहिलेली आहेत.

फक्त साम्य सापडलं म्हणून हुरळून जाऊ नका, कारण खरी मजा फरकात आहे. जपानच्या कनिष्ठ सभागृहाच्या निवडणुका १९४७ पासून १९९३ पर्यंत अशा मतदारसंघांतून होत, जिथे जागा साधारण तीन ते पाच असत, पण मतदाराला मत एकच. सत्ताधारी पक्षाला बहुमत हवं असेल, तर एका मतदारसंघात स्वतःचेच दोन-तीन उमेदवार उभे करावे लागत. म्हणजे सातोचा प्रतिस्पर्धी समाजवादी जितका, तितकाच स्वपक्षीय. पक्षाचं नाव दोघांच्याही पाठीशी असल्याने ते कामाचं उरत नसे. मग स्वतःची कोएनकाई बांधा, पैशासाठी पक्षातल्या एखाद्या गटाच्या पुढाऱ्याचा आधार घ्या, हे ओघाने आलं. आता पुण्याची २०१७ची महापालिका निवडणूक आठवा. बहुतेक प्रभागांत चार जागा होत्या, पण त्या अ, ब, क, ड अशा वेगळ्या होत्या आणि मतदाराला चार मतं होती. त्यामुळे एका पक्षाचे चौघे एकमेकांवर तुटून पडण्याऐवजी एकाच पत्रकावर हात जोडून उभे राहिले. बहुसदस्यीय मतदारसंघ दोन्हीकडे आहेत. मतांची संख्या बदलली की उमेदवारांचं वागणं बदलतं. हा मुद्दा पुण्याच्या मुलाला पुस्तकाआधी प्रभागात कळलेला असतो. त्यावर चांगला प्रबंध होऊ शकतो, आणि परदेशी प्राध्यापकाला तुमच्यात रस वाटायला असं काहीतरी हातात असावं लागतं.

जपानने ही पद्धत १९९४ मध्ये बदलली आणि १९९६ पासून मिश्र पद्धत आणली. आज ४६५ पैकी २८९ जागा एकसदस्यीय मतदारसंघांतून आणि १७६ प्रमाणशीर पद्धतीने भरल्या जातात. पण नगरपालिकांत जुना प्रकार अजून जिवंत आहे, आणि त्याचं उत्तम उदाहरण आपल्याच माणसाचं आहे. योगेंद्र पुराणिक हे पुण्यात शिकून जपानला गेलेले गृहस्थ, तिकडे 'योगी' म्हणून ओळखले जातात. जपानी नागरिकत्व घेऊन त्यांनी २०१९ मध्ये टोकियोतल्या एदोगावा वॉर्डाची निवडणूक लढवली आणि ते जिंकले. भारतीय वंशाचा माणूस जपानमध्ये निवडून येण्याची ती पहिलीच वेळ. एदोगावा सुमारे सात लाख वस्तीचा, सभागृहात ४४ जागा आणि अख्खा वॉर्ड हाच एक मतदारसंघ. मतदाराला मत एक. सुमारे साडेसहा हजार मतांत माणूस आरामात आत जातो. पुढे २०२१ मध्ये टोकियो महानगराच्या सभागृहासाठी ते उभे राहिले आणि हरले. एदोगावातल्या निशिकासाईची भारतीय वस्ती, परक्या वंशाचा उमेदवार, मतं कुठून आली आणि मोठ्या निवडणुकीत ती का पुरली नाहीत, हा प्रश्न मराठी संशोधकाने हाती घेण्यासारखा आहे. बातमीवर अभिनंदनाचे संदेश टाकून आपण तो सोडून दिला.

बारीक तपशील पाहायची सवय आतापासून लावून घ्या. जपानी मतपत्रिकेवर चिन्हं नसतात. उमेदवाराचं नाव मतदाराला पेन्सिलीने स्वतःच्या हाताने लिहावं लागतं. म्हणून अवघड कांजी असलेले उमेदवार पोस्टरवर नाव सोप्या हिरागानात छापतात. घरोघरी जाऊन मत मागायला १९२५च्या कायद्यापासून बंदी आहे. कनिष्ठ सभागृहाचा प्रचार १२ दिवसांचा, वॉर्डाचा अवघा सात दिवसांचा. त्या दिवसांत पांढरे हातमोजे घातलेला उमेदवार गाडीतून हात हलवत आपलं नाव पुन्हापुन्हा ऐकवत फिरतो. पोस्टर लावायचे फळेही सरकारी असतात, त्यावर आकडे घातलेले चौकोन. चिठ्ठीत जो आकडा निघेल त्याच चौकोनात पोस्टर. प्रचाराच्या पहिल्या सकाळी शेकडो फळ्यांवर पोस्टर चिकटवायला ज्याच्याकडे माणसं आहेत, त्याची संघटना भक्कम हे समजावं. नवख्या उमेदवाराचे चौकोन दुपारपर्यंत रिकामे दिसतात.

आता अभ्यासाची वाट.

भाषेपासून सुरुवात. जपानच्या राजकारणावर इंग्रजीत पुष्कळ चांगलं लिहिलं गेलं आहे, त्यामुळे जपानीशिवाय निभेल असा मोह होतो. तो टाळा. एन-टू ही किमान पायरी धरा, एन-वन पीएच.डी.च्या पहिल्या वर्षापर्यंत. आणि एन-वन झालं म्हणजे भाषा आली असंही समजू नका. १८० पैकी १०० गुणांना उत्तीर्ण होता येतं, आणि त्या परीक्षेत बोलणं नाही, लेखनही नाही. मुलाखत घेताना समोरचा म्हातारा शेतकरी सहकारी संस्थेबद्दल बोलीभाषेत बोलू लागला की बहुपर्यायी प्रश्नांचा सराव कामाला येत नाही. म्हणून क्लासबरोबर रोज एक राजकीय बातमी मोठ्याने वाचा आणि तिचा चार ओळींचा सारांश जपानीतच लिहा. शब्दसंग्रह वेगळा लागतो: अर्थसंकल्प, विधेयक, पोटनिवडणूक, पक्षांतर. हे शब्द कॉर्पोरेट जपानीच्या वर्गात शिकवत नाहीत.

घरबसल्या, एक पैसा न देता मिळणारं सर्वांत मोठं भांडार म्हणजे जपानी संसदेच्या कामकाजाचा शोधता येण्याजोगा संग्रह. १९४७च्या पहिल्या अधिवेशनापासून प्रत्येक बैठकीतला प्रत्येक शब्द त्यात आहे, समित्यांच्या बैठकींसह. बोलणाऱ्याच्या नावाआधी एक पोकळ वर्तुळ असतं, मग हुद्दा, मग भाषण. एक सराव सुचवतो. भारत-जपान अणुकरारावर ११ नोव्हेंबर २०१६ रोजी टोकियोत सह्या झाल्या आणि २० जुलै २०१७ ला तो अमलात आला. मधल्या काळात जपानी संसदेने त्याला मंजुरी दिली. अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर सही न केलेल्या देशाशी असा करार का, यावरून विरोधकांनी परराष्ट्र समितीत सरकारला धारेवर धरलं. ते कामकाज काढा, एकाच खासदाराचे प्रश्न आणि मंत्र्यांची उत्तरं क्रमाने वाचा. मंत्री कुठे उत्तर देतो, कुठे गोल फिरतो, कोणतं वाक्य तीन वेळा शब्दशः म्हणतो, याची नोंद करा. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत त्या करारावर रकानेच्या रकाने आले, पण हा वाद कुणी फारसा उघडला नाही. महिनाभरात तुमच्याकडे एक छोटा, स्वतःचा असा निबंध तयार होईल, आणि तो कुठल्याही शिफारसपत्राहून जास्त बोलेल.

विषय निवडताना 'भारत-जपान संबंध' एवढं मोघम शीर्षक घेऊन कुणाकडे जाऊ नका. दिल्लीत त्यावर लिहिणारे रग्गड आहेत. ब्रिज तनखा यांनी किता इक्की या एका विचारवंताचा माग काढला, पूर्णेंद्र जैन यांनी जपानच्या प्रांत आणि शहरांची परराष्ट्र संबंधांतली भूमिका तपासली. त्यांचं काम टिकलं ते प्रश्न नेमका असल्यामुळे. जैन यांच्या वाटेवरचा एक विषय तर सिंहगड रस्त्यावर पडून आहे. पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर उभं राहिलं. आपण तिथे फोटो काढतो. दोन शहरांच्या या मैत्रीतून ओकायामाला काय हवं होतं, पुण्याला काय मिळालं, कोणत्या महापौराच्या काळात गाडं पुढे सरकलं आणि कधी थंडावलं, हे दोन्ही महापालिकांच्या कागदपत्रांतून शोधायला दोन्ही भाषा येणारा माणूस लागेल. मराठी, बरं का. पुणे महापालिकेचं कामकाज मराठीत चालतं, म्हणून इथे तुमचा पत्ता भारी आहे.

आणखी एक गोष्ट आधीच मनातून काढायला हवी. पुण्याला जपानचं कौतुक जुनं आहे. महर्षी कर्व्यांच्या हाती टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका पडली, १९१५ मध्ये मुंबईच्या सामाजिक परिषदेत अध्यक्षपदावरून त्यांनी ती कल्पना मांडली आणि १९१६ मध्ये हिंगण्याला विद्यापीठ सुरू केलं. त्या कौतुकातून काहीतरी उभं राहिलं. आजचं आपलं कौतुक मात्र शिस्त, स्वच्छता आणि बुलेट ट्रेन इथेच थांबतं. अभ्यासकाला लॉकहीड प्रकरणात १९७६ मध्ये अटक झालेले माजी पंतप्रधान तानाका काकुएई, १९८८चं रिक्रूट प्रकरण आणि २०२३ मध्ये उघडकीला आलेले सत्ताधारी पक्षातल्या गटांचे हिशेबाबाहेरचे पैसे तितक्याच आस्थेने वाचावे लागतात. घराणेशाहीसुद्धा. बाप-आजोबांच्या मतदारसंघातून उभे राहणाऱ्या खासदारांवर डॅनियल स्मिथचं २०१८चं पुस्तक आहे. बारामतीच्या आसपास वाढलेल्याला ते फार परकं वाटणार नाही.

पदवीचा गुंता मात्र नीट समजून घ्या, कारण इथे हुशार मुलांचं घोडं पेंड खातं. जपानमध्ये एम.ए.च्या प्रवेशासाठी साधारणपणे १६ वर्षांचं शिक्षण धरतात. आपली बारावी आणि तीन वर्षांची बी.ए. मिळून १५ होतात. काही विद्यापीठं स्वतंत्र पात्रता तपासून प्रवेश देतात, पण त्यावर विसंबू नका. चार वर्षांची पदवी घ्या, नाहीतर एम.ए. इथे करून मग जा. मला दुसरा मार्ग बरा वाटतो. सावित्रीबाई फुले विद्यापीठातला राज्यशास्त्र विभाग, किंवा दिल्लीला जाणं जमत असेल तर जेएनयूतलं पूर्व आशियाई अभ्यास केंद्र वा दिल्ली विद्यापीठाचा पूर्व आशियाई अभ्यास विभाग. दोन वर्षं सिद्धान्त आणि संशोधनपद्धती पक्की होते. त्यातून संख्याशास्त्राचा एखादा अभ्यासक्रम निसटू देऊ नका. आज निवडणुकांचा अभ्यास आकड्यांवाचून होत नाही.

दुसरा गुंता जपान सरकारच्या मेक्स्ट शिष्यवृत्तीचा. तिची अट अशी की तुम्ही जे शिकलात तेच किंवा त्याच्याशी जोडलेलं क्षेत्र संशोधनाला घ्यावं. निव्वळ जपानी भाषेची बी.ए. केलेल्याने निवडणूकशास्त्राचा आराखडा दिला तर मुलाखतीत पहिला प्रश्न यावरच येतो. म्हणून राज्यशास्त्राची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी हवीच, भाषा जोडीला. अर्ज दिल्लीतल्या दूतावासामार्फत, बहुतेक वर्षी एप्रिल-मेच्या सुमारास. मग लेखी परीक्षा, मुलाखत. वयाची मर्यादा ३५. रक्कम गेली बरीच वर्षं दरमहा १,४३,००० ते १,४५,००० येनच्या घरात राहिली आहे, शिवाय फी माफ आणि विमानभाडं. तुमच्या वर्षीचा आकडा दूतावासाच्या पत्रकात पाहून घ्या. पहिली चाळणी पार झाली की जपानी विद्यापीठातल्या प्राध्यापकाकडून तात्पुरत्या संमतीचं पत्र मिळवायचं असतं, आणि हाताशी वेळ थोडा असतो. म्हणून प्राध्यापकाशी ओळख आदल्या वर्षीच करून ठेवा.

त्या पहिल्या ईमेलवर बरंच अवलंबून असतं. 'लहानपणापासून मला जपानची ओढ आहे, आपल्या थोर मार्गदर्शनाखाली काम करण्याची इच्छा आहे' असा मजकूर रोज येतो आणि रोज पुसला जातो. त्याऐवजी साधारण असं लिहा: 'आपला नगरपालिका निवडणुकांवरचा लेख वाचला. एकाच पक्षाचे उमेदवार आपसांत भाग वाटून घेतात असं आपण दाखवलं आहे. पुण्यात २०१७ मध्ये मतदाराला चार मतं असल्याने वेगळं घडलं. ओकायामा आणि पुणे यांची तुलना करायचा विचार आहे. दोन पानी आराखडा जोडला आहे. तुलनेत एक अडचण दिसते, ती शेवटच्या परिच्छेदात मांडली आहे.' एवढंच. जपानीत लिहा, जाणत्याकडून तपासून घ्या, एका वेळी दहा जणांना एकच मजकूर पाठवू नका. त्या विषयातली माणसं एकमेकांना ओळखतात. आठवडाभरात उत्तर आलं नाही तर रागावू नका, तीन आठवड्यांनी नम्रपणे पुन्हा विचारा.

आता पैशाचं, कारण घरचे आधी तेच विचारणार. नोकरी स्थिर होईपर्यंत तिशी उलटते, हे आई-वडिलांना आत्ताच सांगून टाका. भारतात पीएच.डी. करणार असाल तर नेट द्या. जेआरएफ मिळाली तर २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये मिळतात, पण त्यासाठी वयाची अट ३० आहे, सवलती वेगळ्या. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत कायम जागा निघायला वर्षानुवर्षं लागतात आणि तोवर तासिका तत्त्वावर शिकवावं लागतं, ही वस्तुस्थिती आहे. 'जपान-अभ्यासक' अशी जाहिरात तर जवळपास निघतच नाही. जागा आंतरराष्ट्रीय राजकारणाची किंवा तुलनात्मक राजकारणाची निघते. म्हणून प्रबंध जपानवर असला तरी शिकवता यायला हवं राज्यशास्त्र सगळंच. दिल्लीत मनोहर पर्रीकर संरक्षण अध्ययन संस्था आणि ऑब्झर्व्हर रिसर्च फाउंडेशन यांसारख्या ठिकाणी जपानवर काम होतं. तिथे अणुकरार आणि नौदल सरावांवर लिहावं लागेल, कोएनकाईवर नाही, याची तयारी ठेवा.

मधल्या वर्षांत भाषांतर सोडू नका. एन-वन असलेल्या माणसाला पुण्यात काम मिळत राहतं, आणि आठवड्यातले दोन दिवस कारखान्यातल्या बैठकीत दुभाषी म्हणून बसलं तर उरलेले पाच प्रबंधाला मोकळे राहतात. पण हे दोन दिवस चार होतात कधी, ते कळत नाही. कंपनी पूर्णवेळ बोलावते, आकडा चांगला असतो, आणि प्रबंधाचं चौथं प्रकरण कपाटात जातं. असं बोलावणं आलं तर निर्णय घेण्याआधी मार्गदर्शकाशी एकदा बोला, आणि सादर करायची तारीख लेखी ठरवून घेऊन मगच कंपनीला उत्तर द्या.